साडेपाचच्या मुंग्या

शाळा सुटली की शीतल कुणासाठी थांबत नसे. शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा, तो ती उभ्यानेच घ्यायची किंवा घ्यायचीच नाही. नववीची मुलं आपसात म्हणायची, मॅडमला गाडी गाठायची असते. कुरुंद्याहून साडेपाचला सुटणारी कुठलीही गाडी नव्हती.

घरी येऊन ती पाय धुवायची, अँटेनाच्या बूस्टरचं बटण दाबायची आणि टीव्ही लावायची. पडद्यावर मुंग्या असायच्या. दुपारचा कार्यक्रम संपला की हिंगोलीकडच्या माळावरचं टीव्हीचं केंद्र बंद होई आणि साडेपाचला पुन्हा सुरू होई. मधल्या वेळात नुसती खरखर. शेजारच्या रूपाबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "चांगुणाबाई, तुमच्या पोरीला त्या मुंग्यात काय दिसतंय वो? आमाला तर शिनेमा लागल्याबिगर दिसत न्हाई."

"शास्तराची मास्तरीण हाय ती," आई शेंगा फोडता फोडता म्हणायची. "तिला दिसत असंल काई तरी."

मग खरखर एकदम थांबे. मुंग्या विरून पडदा काळा होई. चित्र नाही, आवाज नाही. माळावरचा ट्रान्समीटर लागला, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन श्वासांपुरता पडदा तसा राहून पुन्हा मुंग्या येत. मग परत काळा पडदा, आणि त्यामागून रंगीत पट्ट्या आणि एकसुरी शिट्टी.

त्या मधल्या मुंग्या शीतलच्या होत्या. त्या येऊन गेल्या की ती टीव्ही बंद करून भाकरीला बसे.

बुद्धभूषण आणि ती हिंगोलीच्या कॉलेजात बरोबर शिकले. प्रयोगशाळेत त्यांची जोडी होती. तो तारा जोडायचा आणि ती मोजमापं घ्यायची. मोजताना ती श्वास रोखून धरायची, याचं त्याला हसू यायचं. बी.एस्सी. झाल्यावर त्याला त्या माळावरच्या केंद्रात नोकरी लागली आणि ती गावच्या शाळेत शिकवायला आली. शेवटची भेट हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर झाली. वसमतची गाडी लागलेली होती.

"घरी पत्र नको पाठवू," ती म्हणाली. "पोस्टमन आधी मामाच्या हातात देतो."

"मंग कळवू कसं?"

"अख्ख्या तालुक्याला दाखवून राहिलास तू, मला एकटीला कळवता येईना व्हय?"

ती थट्टेने म्हणाली होती. तो मात्र विचारात पडला. गाडीत कंडक्टर चढला तेव्हा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "माझी संध्याकाळची पाळी असली की मशीन मीच लावतो. एकदा लावून काढीन, परत लावीन. बहिणीचं लग्न उरकलं की येतो तुमच्याकडं, मामाला विचारायला. तोवर हे दिसलं की समज, मी हाये."

"साहेब विचारतील की."

"साहेबाला वाटंल लाइट हालली."

दिसलं नाही तर काय समजायचं, हे तिने विचारलं नाही. एखाद्या प्रयोगात तिने असं कधी केलं नसतं.

त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. घराच्या गच्चीवर मामाने दिलेल्या लोखंडी पाइपावर तिने अँटेना चढवला होता. केंद्र लांब, त्यामुळे वारं सुटलं की त्याचं तोंड फिरायचं. तो फिरवायला दोन माणसं लागतात. एक वर पाइप धरून, एक खाली पडद्यासमोर. शीतल वर जायची आणि आई खालून ओरडायची, "आलं... आलं... गेलं! अगं गेलं, मागं फिरव!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

एक आठवडा त्याची संध्याकाळची पाळी, एक आठवडा सकाळची. सकाळच्या आठवड्यात दुसरा कुणी मशीन लावायचा आणि पडदा सरळ एका दमात काळा व्हायचा. ते दिवस शीतल नेमाने पार पाडायची. प्रयोगवह्या तपासायची, पाणी भरायची, आईच्या गुडघ्यांना तेल लावायची. बोलायला कुणी नव्हतं असं नाही. जे बोलायचं होतं ते कुणाशी बोलता येत नव्हतं.

यंदा पावसाळ्यापासून मात्र बदल झाला. पडदा रोज एकदा जाऊन येऊ लागला. मोकळा आठवडा राहिलाच नाही. लाइट गेलेली नसली की रोज, रविवारीसुद्धा. पहिल्या महिन्यात तिला वाटलं, कुणी रजेवर असेल. मग तिने ठरवून टाकलं की तो दुसऱ्यांची पाळी मागून घेतो, रोज साडेपाचला तिथे असावं म्हणून. मुलांनी मोजमापात नसलेला निष्कर्ष वहीत लिहिला की ती लाल शाईने कापायची. हा निष्कर्ष तिने कापला नाही. त्या पावसाळ्यात तिने दोन स्थळं परतवली.

तिसरं स्थळ घेऊन डिसेंबराच्या सुरुवातीला कोंडीबामामा आले. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सुरू केलं.

"भीमराज नाव हाय. वसमतला शेती खात्यात. मानूस शांत, आपल्यातलाच, बायको बाळंतपणात वारली, लेकरूबी न्हाई राह्यलं. आता बोल. मागच्याची उंची कमी होती, त्याच्या मागचा लई बोलत होता. ह्याला काय लावतीस?"

"मामा, मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

"पाह्यलं की कारण सापडतं तुला, म्हणून तर दाखवला न्हाई!"

आई हसली. मामा हसले नाहीत. चहाचा कप बशीत ठेवून ते हळू म्हणाले, "शीतल, तुझा बाप असता तर म्या बोललो नसतो. मी तरी किती दिस हिंडू? कुणी असंल मनात तर सांग, मी त्येच्या दारात जातो. मला काई तकलीफ न्हाई त्याची."

शीतलने कप उचलून आत नेला.

"पुढच्या रविवारी येतो," मामा बाहेरून म्हणाले. "व्हय का न्हाई, तेवढं सांग."

दोन दिवसांनी सहा डिसेंबर होता. गावातली बरीच माणसं पूर्णेहून रेल्वेने दादरला गेली होती. उरलेल्यांनी विहारात मेणबत्त्या लावल्या. शीतल पांढरी साडी नेसून आईला घेऊन गेली, वंदना झाली आणि ती साडेपाचच्या आधी घरी आली. आज काही दिसणार नाही हे तिला माहीत होतं. काहीही झालं तरी बुद्धभूषण त्या दिवशी दादरला असायचा. कॉलेजात त्याने एकदा परीक्षा बुडवली होती त्यासाठी. आधीच्या दोन्ही वर्षी या तारखेला पडदा सरळ लागला होता, आणि ते पाहून तिला उलट बरं वाटलं होतं, की तो जिथे असायला हवा तिथे आहे. टीव्ही तिने सवयीनेच लावला.

मुंग्या थांबल्या. पडदा काळा झाला. मग पुन्हा मुंग्या आल्या आणि गेल्या.

शीतल पट्ट्या येऊन शिट्टी वाजेपर्यंत तशीच बसून राहिली. आजारी असेल, म्हणून गेला नसेल. पण आजारी माणूस पाळीला कसा येईल? रजा मिळाली नसेल. पण रजा मिळाली नाही म्हणून थांबणारा तो नव्हता. ती एकेक शक्यता घेत गेली आणि खोडत गेली. शेवटी एकच उरली, आणि ती तिने पावसाळ्यातच तपासायला हवी होती.

शनिवारी शाळा अर्धी असते. मुलांची सहल आणायची आहे, त्याची चौकशी करते, असं हेडमास्तरांना सांगून तिने हिंगोलीची एस.टी. धरली. तिथून ऑटोने गावाबाहेरच्या माळापर्यंत. तारेचं कुंपण, एक पांढरी बैठी इमारत, मागे टॉवर. तिने मनात धरला होता त्यापेक्षा टॉवर बराच लहान होता. फाटकाशी एक पन्नाशीचा माणूस स्वेटर घालून उन्हात खुर्ची टाकून बसला होता. त्याने आपलं नाव नरसिंग सांगितलं, खुर्ची तिला दिली आणि आतून स्वतःसाठी स्टूल आणलं.

"सहल आणा की मॅडम. इथं कोन येतं? बकऱ्या येतात. तुमची पोरं आली तर बरंच हाय."

"इथे बुद्धभूषण असतात ना? आम्ही एका वर्गात होतो."

"बुद्धभूषण सायब? त्यांची बदली झाली की, सोलापूरकडं. आषाढात. मीच त्यांच्या जागी आलो." नरसिंग खुलला. "लगीन जमलं न् त्यांचं, सासरवाडी तिकडची. मागून घेतली बदली. पेढे खाऊ घातले आमाला. लई चांगला मानूस. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

"नाही," शीतल म्हणाली. "आमचा तसा संपर्क नव्हता."

नरसिंगने घड्याळ पाहिलं. "या आत. मशीन लावायची येळ झाली, बघून घ्या, पोरांना सांगायला बरं."

खोलीत कपाटाएवढी राखाडी मशिनं होती आणि पंख्यांचा आवाज. नरसिंगने एक बटण दाबलं. तबकडीवरची सुई उठली. त्याने तोंडातल्या तोंडात दोन-तीन आकडे मोजले आणि बटण बंद केलं. सुई पडली. त्याने पुन्हा दाबलं. सुई उठली आणि राहिली.

इथून एवढंच दिसत होतं. एक सुई.

"हे दोनदा का करता?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच वर्गातल्यासारखा वाटला.

"असंच करायचं अस्तं. मी आधी दुसऱ्या मशिनीवर होतो, ही नवी मला. चार्ज देताना सायबांनी हातानं करून दाखवलं. मी इचारलं, काहून? तर म्हणले, या मशिनीला अशीच सवय हाय. तवापासून मी रोज बराबर तसंच करतो. जुना जोडीदारबी तवाच बदलून गेला, दुसरा अजून आलाच न्हाई, दोनी पाळ्या माझ्याच." तो तिच्याकडे वळला. "तुमी सायन्सवाल्या. बराबर हाय ना?"

शीतलने सुईकडे पाहिलं. चार्ज देताना त्याचं लग्न ठरलेलं होतं. तरी त्याने तसंच केलं होतं. तिच्यासाठी, की हाताला वळण पडलं होतं म्हणून, ते या खोलीतली कुठलीच तबकडी सांगू शकत नव्हती.

"गरज नाही," ती म्हणाली. "एकदाच लावायचं. दोनदा लावलं की मशीनवर उगाच ताण येतो."

"बघा! मी म्हणतच होतो." नरसिंगला बरं वाटलेलं दिसलं. "सायबाला तसं म्हणायची हिंमत झाली न्हाई. उद्यापासून एकदाच."

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. औंढा यायच्या आधीच अंधार पडला. शेतातल्या आखाड्यांवरचे दिवे मागे जात राहिले. शेजारी बसलेली बाई कापसाच्या भावाबद्दल काहीबाही बोलत होती आणि शीतल हो ला हो करत होती. पावसाळ्यापासून रोज संध्याकाळी तिने ज्याला मनात उत्तर दिलं, तो त्या वेळी सोलापूरकडे कुणाच्या तरी घरात असणार. आणि नरसिंग इकडे आकडे मोजत होता. ती रडली नाही. तिला फक्त फार थकल्यासारखं वाटत होतं, जसं लांबलचक गणित संपल्यावर पहिल्याच ओळीत चूक सापडावी.

रविवारी मामा दुपारपासूनच येऊन बसले होते. जेवण झालं, पान झालं, गावच्या गोष्टी झाल्या. स्थळाचा विषय तेवढा राहिला. साडेपाच वाजत आले तशी शीतल उठली. बूस्टर लावला, टीव्ही लावला. आई येऊन बाजूला बसली.

मुंग्या थांबल्या. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मग पट्ट्या आल्या.

"आज बराबर लागला," आई म्हणाली. "रोज एकदा जाऊन येत होता."

शीतलने वळून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"अगं, आलं-गेलं ओरडायला मीच असते की खाली. मला कळंना व्हय?" आईचे डोळे पडद्यावरच होते. "ते जाऊन आलं की तू उठून भाकरीला लागायचीस. मी म्हणलं, असंल काई तरी. कवा तरी सांगंल."

शिट्टी वाजत राहिली. शीतलने पुढे होऊन आवाज बंद केला. आईने नुसता हात पुढे करून शीतलच्या पाठीवर ठेवला आणि थोड्या वेळाने काढून घेतला.

"मामा," शीतल म्हणाली, "त्यांना हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. आधी मला त्यांच्याशी बोलायचं आहे. समोर बसून."

मामा सावरून बसले. "काय बोलायचं?"

"जे विचारायचं ते तोंडाने विचारणार. त्यांनीही तोंडानेच सांगायचं. मध्ये कुणी नको."

"मीबी नको?"

"तुम्हीसुद्धा नको."

"आन् त्यो न्हाई म्हणला म्हंजे?"

"तर नाही. तेवढं कळलं तरी पुष्कळ आहे."

मामांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "बरं, आणतो," मामा म्हणाले आणि पाणी मागितलं.

शीतल पाणी आणायला उठली. पडद्यावर पट्ट्या तशाच होत्या, कार्यक्रम सुरू व्हायला अजून अवकाश होता. भाकरीलाही. एवढा मोकळा वेळ संध्याकाळी तिच्याकडे पूर्वी कधी नव्हता.