मिस्त्रींचा भोवरा

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या घरी बेसिनं बसवली आणि प्रत्येक घरात तेच एक भाषण ठोकलं. बेसिन भरायचं, सिमेंटची कच सुटावी म्हणून त्यात तळहात एकदा गरकन फिरवायचा, बूच काढायचं आणि भोवऱ्याकडे बोट दाखवायचं. "बघा, डावीकडे फिरतोय! पृथ्वी फिरवते त्याला. खालच्या अर्ध्या गोलात हाच उजवीकडे फिरतो." लहानपणी लेक हे डोळे विस्फारून ऐकायची.

मोठी झाली आणि नोकरीसाठी निघाली ती नेमकी त्याच खालच्या अर्ध्या गोलात. एकुलती एक लेक. मिस्त्रींचा तोल सुटला. "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस," असं ते भर दारात बोलून बसले. तेव्हापासून तिचा फोन यायचा तो आईलाच. मिस्त्री शेजारच्या खोलीत कान टवकारून बसायचे, पण उठतील तर शपथ. आतून मात्र जीव तीळ तीळ तुटायचा.

एका सकाळी बायकोने फोन ठेवला आणि निरोप सांगितला. "ती म्हणते, बाबांना सांग, इथलं पाणी कधी असं फिरतं, कधी तसं."

"म्हणजे मी थापाड्या?" मिस्त्री उसळले. "तिकडचे लोक बेसिनं वाकडी बसवतात, त्याला पृथ्वी काय करणार!"

बायको डावखुरी. ती बेसिनात उशीचा अभ्रा खळबळत होती. अभ्रा उचलून तिने बूच ओढलं. पाणी गरगरत निघालं, ते चक्क उजवीकडे.

"अगं, हे उलटं कसं?"

"मला काय विचारता? पृथ्वीला विचारा," ती म्हणाली आणि अभ्रा वाळत घालायला गेली.

मिस्त्रींनी बेसिन पुन्हा भरलं. उजवा हात फिरवला, पाणी डावीकडे. डावा हात उलटा फिरवला, पाणी उजवीकडे. मग हात न लावता थांबले, तर पाणी बराच वेळ मुकाट्याने खाली जात राहिलं. इतकी वर्षं भोवरा फिरवत होता तो त्यांचाच हात. आणि लेकीला घराबाहेर लोटलं तेही त्यांच्याच जिभेने, तिथे पृथ्वीचं नाव सांगायची सोय नव्हती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"तिला फोन लाव," त्यांनी बायकोला हाक मारली. तिने लावला आणि "घे, बाबा बोलतायत" म्हणून त्यांच्या हातात दिला.

"बाबा?" पलीकडून आवाज आला.

"माझं चुकलं."

"भोवऱ्याचं?"

"भोवऱ्याचंही."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. "अगदीच नाही चुकलं, बाबा. पृथ्वी फिरवते, पण तिचा जोर इतका कमी, की बेसिनात आपला हातच भारी पडतो. त्याला मोठं गोल टाकं हवं. पाणी पार शांत होईपर्यंत कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

"टाकं मी बांधतो, गच्चीवर. तू ये बघायला."

"येते की! पण एकाच बाजूचं बघून काय कळणार? एक इथेही बांधायला हवं. आणि इथे मला भरवशाचा मिस्त्री कुठे मिळणार?"

बायको पदर तोंडाला लावून मिस्त्रींकडे बघत होती. त्यांनी घसा खाकरला.

"तिकडे सिमेंट बरं मिळतं ना गं?"