एकोणीस तपकिरी

तपकिरी शाईत एवढं काय पाहायचं असतं, हे लग्नाला वीस वर्षं होऊनही तिच्या नवऱ्याला कळलं नव्हतं. हिला मात्र नुसतं वेड. आठवडाभर रक्ताच्या लाल रंगात वावरणाऱ्या बाईनं सुट्टीला तपकिरीत डोकं घालावं, यात तसं नवल नाही म्हणा. तपासणीच्या प्रयोगशाळेत ती लहान मुलांचं रक्त काढायची. चिमुकल्या हातातली शीर तिला पहिल्या टोचणीत सापडे, म्हणून पोरं तिला 'न दुखणारी मावशी' म्हणत. या नावाचा तिला कोण अभिमान!

त्या रविवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर एकोणीस कार्डं तारखेनुसार मांडली. तीन वर्षांत जमवलेल्या एकोणीस बाटल्या आणि प्रत्येकीच्या कार्डावर एकच वाक्य: 'माझा लाडका तपकिरी हाच का, ते उद्या ठरवू.' शाईवेड्या मैत्रिणींनी आता फर्मानच काढलं होतं, प्रत्येकीनं आपली एक आवडती संध्याकाळपर्यंत कळवायची.

"ही पहिली विटेसारखी, भारी उर्मट," ती सांगत होती. "ही बाटलीत झकास, कागदावर गंजकं पाणी. आणि ही शेवटची बघा, ओल्या खोडासारखी, कडेला जराशी लाल. हीच माझी!"

नवऱ्यानं चष्मा कपाळावर चढवून कार्ड नाकाशी धरलं. "अगं, हे वाचायला भिंग लागेल. शाई पुरवून पुरवून वापरतेस की काय?"

ती हसली. हसत हसतच तिनं पहिलं कार्ड शेवटच्याच्या शेजारी ठेवलं.

पहिल्या कार्डावर ते वाक्य या कडेपासून त्या कडेपर्यंत ऐसपैस पसरलं होतं. शेवटच्यावर ते निम्म्यातच संपलं होतं. मधली सतरा कार्डं तिनं भराभर पाहिली. अक्षर हळूहळू आक्रसत गेलं होतं.

निब वेगळी असेल? नव्हती. तुलना चोख व्हावी म्हणून या बाईनं तीन वर्षांत पेन, निब, कागद, बसायची खुर्चीसुद्धा बदलली नव्हती. स्वतःच्या काटेकोरपणाचा तिला पहिल्यांदाच राग आला.

दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी त्याची सही बारीक झाली आणि घरातले सगळे त्याला कंजूस म्हणून चिडवत राहिले. हात कापायला लागला आणि कंपवाताचं निदान झालं, ते पुढे दोन वर्षांनी. आता त्याच्या शर्टाची बटणं वहिनी लावते.

तिनं पेन उचललं आणि मुद्दाम मोठं लिहायला घेतलं. पहिले दोन शब्द ठसठशीत आले. चौथ्या शब्दापासून अक्षर पुन्हा बारीक.

तिनं कार्डं घाईघाईनं गोळा केली. "पहिलीच कळवते. तीच आवडती."

"ती विटेची? ती तर उर्मट म्हणालीस ना?"

"तिचं अक्षर चांगलं आलंय," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "अहो, मला भीती वाटतेय. दादासारखं होतंय मला."

नवऱ्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यानं कार्डं हातात घेऊन एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. "उद्याच डॉक्टरांना दाखवू," तो शेवटी म्हणाला. "काही नसेलही. तोवर कुणाला बोलू नकोस, उगाच बोभाटा कशाला? काम चालू ठेव."

तिलाही अगदी हेच हवं होतं. पण गुरुवारचं ते बाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याला तिनं तीनदा टोचलं होतं आणि वर त्याच्या आईलाच झापलं होतं, 'नीट धरा की हो!' आईनं तर बाळाला नीटच धरलं होतं.

तिनं प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, उद्या पोरं माझ्याकडे देऊ नका."

"का हो मावशी, ताप आहे का?"

"नाही. हाताचा भरवसा वाटत नाही."

"बरं, मग आराम करा. परवा या."

"परवाही नाही, सर. तपासून घेतल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही."

तिनं फोन ठेवला. नवऱ्यानं तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. कुणाचा तरी हात कापत होता, पण कुणाचा ते दोघांनाही कळेना.