चौथ्या भागातली पावलं

सिनेमातल्या माणसांच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा नंतर भरलेला असतो. पडद्याकडे बघत, स्टुडिओतल्या फरशीवर नाहीतर वाळूवर कोणीतरी त्या पावलांबरोबर चालतं. माझे बाबा ते काम करायचे. नट, नट्या, पोलीस, चोर, सगळ्यांसाठी ते चालले. पण ओळखले गेले ते एका भुतामुळे.

जाळून मारलेली एक शिंपीण सूड घ्यायला परत येते, असा तो सिनेमा होता. तिच्यासाठी बाबांनी आईच्या चपला नेल्या. त्या इतक्या लहान झाल्या की ते लंगडले. पडद्यावरची बाई मात्र सरळ चालत होती. दिग्दर्शकाला ते लंगडणंच इतकं आवडलं की त्याने बाईचं चालणं पुन्हा चित्रित केलं. पुढचे दोन्ही भाग ती लंगडतच आली. "माझ्या चपलांचं भूत आहे ते," आई पाहुण्यांना सांगायची.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षभर आई कामापुरतंच बोलत होती. मग स्टुडिओतल्या काकांचा फोन आला, की चौथा भाग आलाय आणि त्यात वहिनींच्या ओळखीची पावलं ठेवली आहेत. आईने तेव्हाच साडी बदलायला घेतली. ती ऐकायला चालली होती, आणि ऐकून तिचं काय होईल याची मला धास्ती होती.

दुपारच्या खेळाला मोजकीच माणसं होती. सिनेमा सुरू झाला आणि शिंपीण उडायलाच लागली. खिडकीतून आत, छतावरून खाली. जमिनीला पाय म्हणून लागेना. सूड घ्यायला तिला जाळणाऱ्या घराण्यातलं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती त्या घरातल्या भाडेकरूंच्या मागे लागली.

"ह्यांनी हिचं काय घोडं मारलंय?" आई कुजबुजली.

"आई, हळू."

मागून एका मुलीने विचारलं, "आजी, भीती वाटतेय का?"

"भीती कसली गं बाई, डुलकी येतेय."

मध्यंतरानंतर निम्मी माणसं परतलीच नाहीत. मी म्हटलं, "निघायचं?"

"थांब. अजून हे आले नाहीत."

शेवटाकडे पहिल्या भागातला प्रसंग आठवण म्हणून दाखवला. तोच बोळ, तीच बाई, लंगडत येणारी. आई खुर्चीच्या काठावर सरकली. आणि त्याच क्षणी ढोल, तुताऱ्या, किंकाळ्या, सगळं एकदम सुरू झालं. बाई चालत होती. पावलं काही ऐकू येत नव्हती.

"अरे मेल्यांनो, बंद करा ते!" आई ओरडली. "माणूस चालतोय ना तिथे!"

लोक हसले. मागची मुलगीही हसली, पण मग तिनेच इतरांना गप्प बसवलं. तोवर प्रसंग संपला होता.

"आले होते का गं?" आईने मला विचारलं.

"आले होते. ऐकू आलं नाही."

"मलाही नाही."

बाहेर येऊन आम्ही बसथांब्यावर बसलो. आईचे डोळे कोरडे होते, पण पदराचं टोक मुठीत घट्ट होतं. मी फोन काढला. "पहिला भाग आहे यात. त्यात स्वच्छ ऐकू येतं. लावू?"

तिने हाताने फोन खाली केला.

"नको," ती म्हणाली. "जन्मभर लोकांसाठी चालले. आता माझ्यासाठी कशाला उठवायचं त्यांना? बसू दे."

मी फोन पर्समध्ये टाकला. आणि आई बोलायला लागली.

"पण मला एक सांग, भूत उडतंच आहे, तर मग दार कशाला ठोठावतं? आणि तो पोलीस! तीनदा मेला मेला वाटलं, तीनदा उठला. भूत बरं त्याच्यापेक्षा, एकदाच मेलं. हे असते ना, तर म्हणाले असते..."

काय म्हणाले असते ते तिने सांगितलं, बाबांच्याच आवाजात, त्यांच्यासारखं भुवया उडवून. मला हसू आलं, मग तिलाही.

आमची बस आली. सांगता सांगता आई अजून मध्यंतरापर्यंतच पोचली होती. मी बस जाऊ दिली.