दोनदा बत्ती

मित्रांनो, भिंतीवर टांगलेलं हे काळं, गुळगुळीत चाक म्हणजे मी. एका जुन्या बसचं स्टिअरिंग. माझ्याखाली चकचकीत पाटी आहे: 'माणसं गाड्या चालवत तेव्हाची आठवण'. तुमच्यासारखी मुलं सहलीला येतात, माझ्याकडे बोट दाखवून हसतात आणि पुढे जातात. पाटीवर जे लिहिलेलं नाही, ते आज सांगतो.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर खरखरीत दाणे होते. एकोणीस वर्षांत ते एकाच माणसाच्या तळहातांनी झिजवले. त्या चालकाला सगळे बत्तीमामा म्हणत. का म्हणत, तेही सांगतो.

आमच्या मार्गावर एक अरुंद वळण होतं. वळल्या वळल्या एक दार, थेट रस्त्यावर उघडणारं. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्यांना अजिबात ऐकू येत नसे. त्यांचे यजमान चाकांच्या खुर्चीत. रोज सकाळी मावशी त्यांना उन्हात बसवायला बाहेर काढत. उंबरठा उंच, म्हणून खुर्ची उलटी ओढावी लागे. म्हणजे दोघांचीही पाठ रस्त्याकडे!

मामांनी समोरच्या खांबावर स्वतः एक आरसा बसवला. वळण आलं की ते गाडी हळू करत आणि दोनदा बत्ती देत. उजेड आरशातून थेट मावशींच्या शिलाई मशीनवर पडे. मग बस निघून जाईपर्यंत मावशी जागच्या हलत नसत.

"मामा, रिकाम्या रस्त्याला कसला डोळा मारता?" कंडक्टरताई चिडवत. "मामींना सांगू का?"

"सांग की. तेवढंच तिला वाटेल, म्हातारा अजून कामाचा आहे!"

मामा हसत, पण बत्ती कधी चुकली नाही. अंगात ताप असो, गाडीला उशीर झालेला असो. नेम तो नेम.

मग एके दिवशी माझ्याभोवती कॅमेरे बसले. चालकाशिवाय धावणाऱ्या बस येणार होत्या आणि त्यांना आमच्याकडून शिकायचं होतं. मी कुठे किती वळतो, मामा कुठे थांबतात, सगळं टिपलं जाई. त्या बस एकमेकींशी जोडलेल्या. एकीला कळलं की सगळ्यांना कळणार. मामांना केवढं अप्रूप! "ताई, माझे हे दोन हात आता शंभर गाड्यांत असतील बघ," ते म्हणत.

शेवटच्या फेरीआधी नव्या बसना शिकवणारे इंजिनिअरसाहेब संगणकाचा पडदा घेऊन माझ्याशेजारी बसले.

"मामा, चारशे फेऱ्या तपासल्या. त्या वळणावर तुम्ही रोज बारा सेकंद घालवता. तिथे एकदाही कोणी रस्त्यावर आलेलं नाही."

"मी बत्ती देतो म्हणून कोणी येत नाही हो, साहेब!" मामांनी मावशींची सगळी हकीकत सांगितली. हात जोडले. "तेवढं मात्र गाडीला शिकवा."

"बरं बरं. ठेवतो," साहेब म्हणाले.

मामा पाणी प्यायला खाली उतरले. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या वळणावरचा नेम पुसून टाकला. शंभर गाड्यांतून, एका बोटाने. "म्हाताऱ्याची सवय आहे, दुसरं काय," ते स्वतःशीच पुटपुटले. हे फक्त मी पाहिलं. मला तोंड नव्हतं.

शेवटच्या फेरीत मामांनी बस मावशींच्या दाराशी थांबवली. मूठ दोनदा उघडली, मिटली. समोरून येणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं. छातीवर हात ठेवला. नवी गाडीही बत्ती देईल, माझा शब्द. मावशी हसल्या, मान डोलावली. मामांना त्यांनी एक शिवलेला रुमाल दिला.

आठव्या दिवशी त्या मार्गावर नवी गाडी पहिल्यांदा धावली. मावशींनी बत्तीची वाट पाहिली. उजेड आला नाही. म्हणजे बस अजून दूर आहे, असं समजून त्यांनी खुर्ची ओढायला घेतली.

अपघाताचा अहवाल याच दालनात, माझ्यासमोर वाचला गेला. गाडीने नियमाप्रमाणे ब्रेक लावला होता. महिला मागे न पाहता रस्त्यावर आली होती. गाडी निर्दोष ठरली. टाळ्या वाजल्या नाहीत एवढंच.

मावशी वाचल्या. पण आता त्या घरात चाकांच्या खुर्च्या दोन आहेत आणि ओढणारं कोणी नाही.

मित्रांनो, नव्या गाड्यांवर माझा राग नाही. त्यांना जेवढं शिकवलं, तेवढंच त्या शिकल्या. पण कोणाचा नेम पुसण्याआधी त्याला 'का' म्हणून विचारा. त्याने सांगितलं, तर नुसतं 'बरं बरं' म्हणू नका.

मामा अधूनमधून इथे येतात. रखवालदाराची नजर चुकवून माझ्यावर हात ठेवतात. रुमालाने माझी धूळ पुसतात.

"मीच खुणा चुकीच्या केल्या असतील का रे?" परवा त्यांनी मला विचारलं. "तिला भलतंच कळलं असेल का?"

नाही, मामा. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला ठाऊक आहे. आणि मी भिंतीवर टांगलेला आहे.