माझ्या पोटातला परका पाव

सलूम नदीकाठच्या गावातली मी मातीची भट्टी. पाव भाजणाऱ्या वालीच्या अंगणातून बोलते आहे. वारुळाची माती मळून वालीच्या वडिलांनी मला घडवले. पहाटे लाकडे जाळायची, निखारे ओढायचे, ओल्या पाल्याने तळ पुसायचा आणि पाव आत सरकवून तोंडाला पत्रा लावायचा, हा आमचा नित्यक्रम. माझा पाव जड, चिवट. चवळीची उसळ भरली तरी तो धीर सोडत नाही. राजधानी डाकारच्या विजेच्या भट्टीतला पाव वरून कुरकुरीत, आतून निव्वळ हवा. वालीला मात्र ती हवाच प्रतिष्ठेची वाटू लागली.

त्याची लेक सेलबे डाकारला नांदते. नातवाला आजोळ दाखवायला तिच्यासोबत तिच्या सासूबाई, मारेम, प्रथमच येणार होत्या. वालीने शहरातून येणाऱ्या गाडीने पोतेभर पाव मागवले आणि ते शिळे पाव माझ्या पोटात कोंबले.

"गरम झाले की आपलेच वाटतील," तो बायकोला म्हणाला.

"भट्टीला विचारलंत का?" ती फणकारली.

मला विचारले असते, तर मी तोंडावरचा पत्रा पाडला असता.

दुपारी सारे जेवायला बसले. पहिल्याच घासाला पाव भिजून फाटला आणि उसळ मारेमबाईंच्या कडक इस्त्रीच्या निळ्या झग्यावर सांडली.

"अहो व्याही, हा तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव! एवढे खड्डे खात आमचाच पाव खायला आलो होय?" सगळे हसले. "सूनबाई तर रोज ऐकवते, बाबांच्या पावाची सर कशालाच नाही!"

"आज पीठच बिघडलं हो, विहीणबाई," वाली पुटपुटला.

सेलबे उठली. तिने माझ्या पोटात हात घातला.

"बाबा, भट्टी नुसती कोमट आहे. तुम्ही पीठ मळलंच नाहीत." मग हळूच म्हणाली, "तिथे मी तुमच्या नावावर मिरवते हो."

वालीने घाईने मळलेले नवे पीठ फुगण्याआधीच त्यांची गाडी सुटली.

तेव्हापासून वाली मला न पेटवताच माझ्यासमोरून मान खाली घालून जातो आणि माझ्या आडोशाला शेळी बसते. धुराने काळवंडलेल्या तोंडाची मला कधी लाज वाटली नाही. आज मात्र कोणी अंगणात डोकावले, तरी मातीत विरघळून जावेसे वाटते.

वाली, रागाने पेटव, रडत पेटव. पण मला पेटव, आणि पीठ तुझ्याच हातचे असू दे. नाहीतर त्या लेकीला आपण दोघांनी तोंड कसे दाखवायचे?