पाट्याची पालथी बाजू

मी पाटा बोलतोय. चटणी वाटायचा नव्हे. मी काचेचा आहे. दीड फूट लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड. माझ्यावर दगड घासतात. जुने दगड. मूर्तींचे, खांबांचे, भांड्यांचे. लखनौच्या एका प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं राबतो आहे.

मला अक्षर येत नाही. दगड येतो.

भट्टीत माझ्याबरोबर ओतलेल्या काचा दुकानांच्या दर्शनी भागात गेल्या. येणारे-जाणारे त्यांच्यात स्वतःचं तोंड बघतात. मला गवतात गुंडाळून चारबाग स्टेशनावर उतरवलं आणि प्रयोगशाळेच्या लाकडी बाकावर आडवं केलं. हे १९६६ साल. माझ्यात कुणी तोंड बघितलं नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्याच साली दीनानाथ आले. मिरजेकडचे. सातवी झालेले. लखनौतल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत त्यांचे मावसभाऊ होते, त्यांनी बोलावून घेतलं. नोकरी लागली आणि दीनानाथांनी निशातगंजमध्ये खोली घेतली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पहिल्या दिवशी माझं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. दीनानाथांनी ऐकून घेतलं, माझ्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे पाटा."

तेव्हापासून मी पाटा. हिंदी बोलणारे मला 'शीशा' म्हणत. मी ऐकून सोडून देई.

काम असं. दगडाची नखाएवढी कपची घ्यायची, काचपट्टीवर चिकटवायची, आणि माझ्या अंगावर पाणी नि कुरुंदाची बारीक भुकटी टाकून ती पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. कपची केसाच्या निम्म्याहून पातळ झाली पाहिजे. इतकी, की दगडातून उजेड आरपार जावा. मग शिकलेली माणसं ती पातळ झालेली चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि दगड कुठल्या खाणीतला, कुणी कसा घडवला ते सांगतात.

जाडी बरोबर झाली हे मापानं कळत नाही, रंगानं कळतं. वाळूच्या दगडात गारेचे कण असतात. चकती जाड असली की ते सूक्ष्मदर्शकात पिवळे, तांबडे दिसतात. बरोबर जाडीला राखेसारखे होतात. दीनानाथ डोळा लावून एवढंच म्हणत, "राख आली." त्यानंतर एक फेरा जरी जास्त झाला तरी दगड पुसला जातो. मागे काहीच उरत नाही.

फार कडक माणूस. काम चालू असताना कुणी बोललं तर मान वर करत नसत. नव्या शास्त्रज्ञानं घाई केली तर पट्टी त्याच्या हातात देत. "तुम्ही घासा." तो गुपचूप परत देई.

शेजारी दगड कापायच्या यंत्रावर अच्छन मियाँ होते. दोघांनी बरोबर नोकरी केली आणि रोज भांडण केलं.

आता माझ्या पूजेबद्दल सांगतो, कारण चूक तिथंच झाली.

लखनौत यंत्रांची पूजा सप्टेंबरात करतात, विश्वकर्म्याची. सगळी प्रयोगशाळा करायची. दीनानाथ लाडू खात, पण मला हात लावू देत नसत. आपली अवजारं खंडेनवमीला पुजायची, हे त्यांच्या घरचं. आदल्या दिवशी ते मला धूत, पुसत. दुसऱ्या दिवशी पालथा करून मागच्या बाजूला गंधाचं स्वस्तिक काढत, हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत. अच्छन मियाँ म्हणत, "हमारा क्या है, मराठा साहब, लड्डू दो बार मिलते हैं."

ती मागची बाजू देवाची झाली. तिच्यावर दगड कसा घासणार? पुढची बाजू कामाला, मागची पूजेला. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. नवे पाटे आले, ते दीनानाथांनी दुसऱ्यांना देऊन टाकले. "पातळ आहेत. दाबले की लवतात," म्हणाले. ते खरं होतं. पण ते माझ्यावर जीव लावून होते, हेही खरं.

मला याचा अभिमान होता. अजून आहे. तेवढ्यानं झीज थांबत नाही.

१९९४च्या ऑगस्टात विनयाबाई एक पुडी घेऊन आल्या. त्या पुण्याच्या, शास्त्रज्ञ, येऊन तीन वर्षं झालेल्या. पुडीत तीन कपच्या होत्या. एका टेकाडाच्या उत्खननात दगडी वाडगं सापडलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, फुटलेलं. पण त्याची चकाकी आरशासारखी.

"काका, प्रश्न एकच आहे," बाई म्हणाल्या. "ही चकाकी दगड घासून आणलेली, की वरून कसला लेप दिलेला? दोन्ही बाजूंनी माणसं भांडतायत. संग्रहालयानं तीन कपच्या दिल्यात. चौथी मिळणार नाही, हं, तसं लिहून दिलंय."

प्रत्येक कपचीच्या एका कडेला ती जुनी चकाकी होती. चकती पातळ होताना ती कड शाबूत राहायला हवी.

"कड गेली की सगळं गेलं, काका."

"मी कडाच वाचवत आलोय, बाई."

पहिली कपची त्यांनी दोन दिवस घासली. डोळा लावला. मधले कण अजून पिवळे, आणि कड उडालेली. असं व्हायला नको होतं.

दुसरी पाच दिवस घासली. भुकटी बदलली, हात हलका ठेवला. पुन्हा तेच. मध्ये जाड, कडेला साफ.

"होतं कधीकधी," बाई म्हणाल्या. त्या चांगुलपणानं म्हणाल्या. दीनानाथांचा चेहरा मी खालून बघत होतो. कुणी तोंडावर मारलं असतं तर त्यांना परवडलं असतं.

साहेबांनी ठरवलं, तिसरी कपची दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायची. दीनानाथ डिसेंबरात निवृत्त होणार होते. बाई त्यांच्या बाजूनं बोलायला गेल्या, तर दीनानाथांनीच त्यांना थांबवलं.

"पाठवा. माझा हात गेला."

एवढंच बोलले आणि पंच्यानं हात पुसत बसले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

हात गेला नव्हता. मी गेलो होतो. अठ्ठावीस वर्षं एकाच बाजूनं घासून माझ्या मध्यभागी खळगा पडला होता. डोळ्याला दिसणार नाही, पण केसाच्या निम्म्याच्या कामाला तो फार झाला. पट्टी माझ्या खळग्यात बसे, कडा आधी घासल्या जात, मधला भाग जाड राही. चार-पाच वर्षं असं चाललं होतं. पण तेव्हाच्या चकत्या मोठ्या असत, आणि शिकलेली माणसं मधलंच बघत. कडेशी कुणाला काम पडलं नव्हतं.

मला ठाऊक होतं. काचेला बोलता येत नाही, ही सबब मी सांगणार नाही. बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? मी झिजलो, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

खंडेनवमीचा आदला दिवस आला. कपचीची पेटी बांधून तयार होती. सुट्ट्या संपल्या की जायची होती. दीनानाथांनी मला सवयीनं धुतलं. दरवर्षी लगेच कोरडं पुसत. त्या दिवशी तसाच ओला खिडकीत ठेवला आणि पाठ फिरवून बसले.

तासाभरानं अच्छन मियाँ पान चघळत आले.

"मराठा साहब, यह आपका शीशा पानी क्यों पी रहा है?"

"काय?"

"अरे, किनारे सूख गए, बीच में तालाब है. देखिए तो!"

दीनानाथ उठले. माझ्या कडा वाळल्या होत्या. मध्ये तळहाताएवढं पाणी साचलं होतं. त्यांनी ते पुसलं. बाकावरची पोलादी पट्टी घेतली, कडेवर उभी धरून माझ्यावर आडवी ठेवली आणि वाकून खिडकीकडे बघितलं. पट्टीच्या आणि माझ्यामध्ये उजेडाची रेघ होती. कडेला बारीक, मध्ये रुंद.

पट्टी वळवून त्यांनी पुन्हा बघितलं, रेघ तशीच होती.

"हात नहीं गया," ते म्हणाले.

"हाथ को क्या होना है? हम तो कब से कह रहे हैं, आपका दिमाग़ गया है. शीशा पलटिए और काम कीजिए."

"वो बाजू पूजा का है."

"वाह! अट्ठाईस साल से आधे को देवता बना रखा है, आधे को मज़दूर! मज़दूर बेचारा घिस गया. अब देवता से कहिए, थोड़ा काम वह भी करे."

दीनानाथांचा चेहरा तापला. मला वाटलं आता भांडण पेटणार. त्यांनी मला उचललं, पालथं केलं. अठ्ठावीस वर्षांचं कुंकू खरखरीत झालं होतं, काही थर काळे पडले होते. त्यांनी त्याच्यावर बोटं ठेवली. मग कोमट पाणी मागवलं. अच्छन मियाँनी स्वतः आणून दिलं.

धुतलेलं लाल पाणी दीनानाथांनी मोरीत ओतलं नाही. आवारातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन ओतलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चुकवली नाही. या वेळी गंध माझ्या झिजलेल्या बाजूला लागलं. खळग्याच्या बरोबर मध्यावर फूल ठेवलं. देवाला काय वाटलं ठाऊक नाही, पण मजुराला त्या दिवशी पहिल्यांदा मान मिळाला.

दसरा झाल्यावर दीनानाथ साहेबांसमोर उभे राहिले. "पाटा झिजला होता. ओळखला नाही, चूक माझी. आता सपाट आहे. कपची मला द्या."

साहेब बाईंकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "माझी जबाबदारी, सर."

बाईंचीही जागा त्यात पणाला लागली. तिसरी कपची माझ्या कोऱ्या अंगावर आली.

दीनानाथ आठ दिवस घासत होते. दर पंचवीस फेऱ्यांना थांबत, डोळा लावत. पिवळे कण. फिकट पिवळे. पांढुरके. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त चार फेरे दिले आणि हात उचलला.

"राख आली. मध्ये पण, कडेला पण."

बाई धावत आल्या. यंत्राला डोळा लावला.

"काका, लेप नाही! काही नाही वरती! कडेचे सगळे कण एका रेषेत कापलेत. वस्तऱ्यानं कापावेत तसे. बघा तुम्ही."

दीनानाथांनी जन्मभर त्या यंत्रात रंग बघितला होता, दगड काय सांगतो ते कधी विचारलं नव्हतं. त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं.

"हे घासलंय," ते म्हणाले. "हातानं."

"किती दिवस लागले असतील, काका?" एवढ्या शिकलेल्या बाईनं सातवीच्या माणसाला विचारलं.

"केवढं होतं वाडगं?"

"ओंजळीएवढं."

"एकटा असेल तर दोन महिने. घाईचा नव्हता. घाई केली असती तर कड गोल झाली असती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि आपली घासायची शिळा तो पारखून घेत होता. माझ्यासारखा पूजा करून बसला नव्हता."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचा अहवाल छापून आला, तेव्हा चकती कुणी केली तेही त्यात लिहिलेलं होतं. नाव वाचून दीनानाथ म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." अच्छन मियाँ म्हणाले, "और हमारा तालाब? उसका नाम नहीं?"

डिसेंबरात दीनानाथ निवृत्त झाले. जाताना माझ्यावरून तळवा फिरवला. दोन्ही बाजूंनी.

आज मी त्याच बाकावर आहे. आशिष नावाचा माणूस माझ्यावर काम करतो. बरा आहे, थोडा बोलतो जास्त. माझी एक बाजू अजून सपाट आहे. दुसरीवर खळगा आहे. तो मी कुणापासून लपवत नाही. शेकडो दगडांना बोलतं करताना तो पडला आहे.

मला कपाटात ठेवू नका, त्यात माझा मान नाही. फूल वाहायचं तर वाहा. पण महिन्यातून एकदा पोलादी पट्टी लावून बघा, आणि मी चुकत असेन तर मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन. आणि दगड आणत राहा.