किल्लीकाकांचं कुलूप

गल्लीत कुणाचं दार अडकलं, कुणाच्या कपाटाची चावी हरवली, की सगळे किल्लीकाकांना हाक मारायचे. काका यायचे, कुलपाला कान लावायचे, एक वाकडी तार आत सरकवायचे आणि चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. अख्खी हयात त्यांनी कुलपांत काढली. आणि अशा माणसापासून त्याच्या लेकीने एक डबा कुलपात ठेवला होता. वेडेपणाच म्हणायचा, पण तिचा नाइलाज होता.

बायको गेली आणि काका जे बसले ते बसलेच. दुकानाचं शटर खाली, दाढी वाढलेली, पुढ्यातलं ताट तसंच. नातेवाईक म्हणाले, वेळ जाऊ दे, सावरतील. नातेवाइकांचं काय जातं म्हणायला? काका आंघोळीलाही उठेनात, तेव्हा लेकीने सरळ हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज रात्री झोपताना, सांगितली तेवढीच. एखाद्या रात्री राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, मनाने बंद करायच्या नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतील, तोंड कोरडं पडेल, उठताना चक्कर येईल, तेव्हा सावकाश उठायचं. मग काकांना बाहेर बसवून बाईंनी लेकीला आवाज खाली आणत सांगितलं, "या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर थेट जिवावर बेततं. घरात आठवड्यापुरत्याच ठेव, आणि त्यांच्या हाताशी नको."

बाई पुढेही काहीतरी सांगत होत्या, पण लेकीचं लक्ष काचेपलीकडे बसलेल्या बापाकडे होतं.

येताना तिने गोळ्यांच्या डब्यासाठी कुलूप घेतलं. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे कुलूप होय? मी शिंकलो तरी उघडेल."

"मग शिंकू नका," लेक म्हणाली.

कितीतरी दिवसांनी ते हसले. तेव्हापासून तिचं नाव जेलरबाई पडलं. रोज रात्री जेलरबाई डबा उघडायच्या, गोळी तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. बापावर असा पहारा करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि पहारा सोडायचा धीरही होत नव्हता.

हळूहळू काकांनी दाढी केली. ताट संपवू लागले. एक दिवस शटर वर गेलं. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. त्या दिवशी तिने इतक्या आनंदात काचा घासल्या, की दोन फोडल्या. आता बाबा सुटले, असं तिने धरून टाकलं. दर आठवड्याला बाईंकडे जायचा तिला कंटाळा आला होता. औषधवाला ओळखीचा, त्याच्याकडून तिने महिन्याच्या गोळ्या एकदम आणल्या आणि डब्यात भरल्या. बाईंना विचारलं नाही. काय विचारायचं, माणूस तर हिंडतोफिरतोय.

आणि मग एका दुपारी काका तिच्या दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला, शेजारी उघडं कुलूप ठेवलं.

"बघून घे," ते म्हणाले. "एकही घेतली नाही."

लेकीने पाकिटं चाचपली. सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

"उघडलंत कशाला, बाबा?"

"कशाला उघडतात?" काका म्हणाले. "आधी जिवात जीव नव्हता, तेव्हा तार उचलायचाही कंटाळा होता. आता हात चालायला लागले. डबा मांडीवर घेऊन बसलो होतो."

"मग?"

तिला ऐकायचं होतं, मग तुझी आठवण आली. कुठल्याही लेकीला तेच ऐकायचं असतं.

"मग काही नाही. तोंडाला कोरड पडली. पाणी प्यायला उठलो, तर चक्कर आली. खाली बसलो. बसल्या बसल्या वाटलं, तुला सांगावं." त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. "हा घरात नको ठेवूस. मला उघडणार नाही असं कुलूप तुला बाजारात मिळायचं नाही."

तिने मालकांना सांगितलं, डबा उचलला आणि बापाचा हात घट्ट धरून थेट दवाखाना गाठला.

सगळं ऐकून बाईंनी आधी डबा आपल्या खणात टाकला. मग म्हणाल्या, "गोळी चालूच राहील, एकदम तोडायची नाही. पण यापुढे ती घरात राहणार नाही, रोज एकच इथून न्यायची." लेकीकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "माणसाच्या अंगात बळ आधी येतं, मन मागून येतं. ते मधले दिवसच डोळ्यांत तेल घालून जपायचे असतात. मी त्या दिवशी सांगितलं होतं."

लेकीने मान खाली घातली. आपण माणूस चालताना पाहिला आणि हुरळलो, याची तिला शरम वाटली.

"काका," बाईंनी विचारलं, "आता, इथे बसलेले असतानाही मरावंसं वाटतंय? हवं तर लेकीला बाहेर बसवते."

आई गेल्यापासून लेक रोज सकाळी विचारायची, बरं वाटतंय ना? आणि काका रोज म्हणायचे, मला काय धाड भरलीय. तिला वाटलं, आताही तेच म्हणतील. म्हणावं, अशी तिची फार इच्छा होती.

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"तिला बसू दे," ते म्हणाले. "हो. वाटतंय."

लेक रडू लागली. पण खुर्ची ओढून ती त्यांच्याजवळ सरकली. "सांगा बाबा," ती म्हणाली, "मी ऐकतेय."